मागचे पाटे

५ फेब्रुवारी १९६१, रविवार

विजयमाला राळेगावलाच राहिली. मी आणि माझा दोस्त बाबाराव परत आलो.

घडलं ते असं, आणि मी ते कुणाची बाजू न घेता लिहितो आहे. तिच्या भाचीचं लग्न म्हणून आम्ही सकाळीच बाभुळगावहून मोटारीने निघालो. गाडी मी चालवत होतो, शेजारी बाबाराव, मागे विजयमाला. तिच्या मांडीवर लाडवांचा डबा आणि दोन्ही बाजूंना आहेराची गाठोडी. म्हणजे सगळं नेहमीसारखंच. कळंबच्या पुढे रस्त्याला एक नाला आडवा येतो. त्यात गाडी उतरली आणि मागून धाडदिशी आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही, कारण रस्ता वाईट होता आणि बाबारावची बैलजोडीच्या सौद्याची गोष्ट नेमकी रंगात आली होती. राळेगावला उतरल्यावर पाहतो तर लाडवांचा भुगा, आणि विजयमालेच्या कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ.

लग्न लागलं, पंगती उठल्या. निघताना मी मागचं दार उघडून उभा राहिलो. ती अंगणातूनच म्हणाली, "मी आता मागं बसून येत नाई. सांगून ठेवते."

"काहून?"

"काहून थे तुमीच इचार करा. इचार झाला का या मले न्यायले."

तिच्या माहेरची माणसं कान टवकारून उभी होती, म्हणून मी जास्त बोललो नाही. परत येताना बाबाराव म्हणाला, "बायकायचं असंच असते." त्याची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी तो हे खात्रीने सांगतो.

घरी आलो तर कुलूप. लग्नाच्या चौदा वर्षांत या दाराचं कुलूप मी स्वतः कधी उघडलं नव्हतं. किल्ली कुठल्या बाजूने फिरते ते कळायलाच वेळ लागला.

७ फेब्रुवारी, मंगळवार

विचार झाला. काल दुपारी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो आणि सगळा उलगडा झाला. मागचे पाटे गेले आहेत.

पाटे म्हणजे एकाखाली एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं मागचं सगळं अंग त्यांच्यावर तोललेलं असतं. डाव्या पाट्यातल्या दोन पट्ट्या चिरलेल्या, उजवा पार सपाट झालेला. शेजारी धक्के गिळणाऱ्या नळकांड्या असतात, मिस्त्री लोक त्यांना शॉकप म्हणतात, त्यांतून तेल गळतं आहे. अशा गाडीत मागे बसून यायला कुणीही नाहीच म्हणेल. विजयमाला बरोबर बोलली होती, हे मी इथे मान्य करतो. मला हे आधी कळायला मार्गच नव्हता, कारण या गाडीत मी एकदाही मागे बसलेलो नाही. गाडी चालवणाऱ्याला मागे बसता येत नाही.

यवतमाळला मिस्त्री आहे. पण ठरवलं की हे काम आपण आपल्या हाताने, घरच्या अंगणात करायचं. बायकोसाठी करायचं आणि ते दुसऱ्याकडून करवून घ्यायचं, यात काही राम नाही.

सामान नागपूरला मिळेल. विजयमालेचा धाकटा भाऊ घनश्याम कापसाच्या कामाने नागपूरला जात-येत असतो. बाबाराव आजच बाजाराला राळेगावला निघाला होता, त्याच्याजवळ तोंडी निरोप दिला की घनश्यामला मागचे दोन पाटे आणायला सांग. चिठ्ठी लिहिणार होतो. पण चिठ्ठी विजयमालेने वाचली असती आणि माझं तिच्यावाचून अडलं आहे असं तिला वाटलं असतं.

११ फेब्रुवारी, शनिवार

पाटे आले. दगडाचे.

दुपारच्या एसटीच्या टपावरून दोन माणसांनी उतरवले. चटणी वाटायचे दोन कोरे करकरीत पाटे, नुकती टाकी लावलेले. सोबत वरवंटेसुद्धा नाहीत. कंडक्टर वैतागला होता. म्हणाला, "राळेगावच्या बाईनं निरोप देल्ला हाय. एकावर तुमी वाटा म्हने, अन् एकावर बाबारावजी वाटतीन."

या निरोपाचा मला अर्थ लागला नाही. बाबारावने जन्मात कधी चटणी वाटलेली नाही.

आमच्याकडे भांडी-स्वयंपाक करणारी भुरीबाई ओसरीत उभी राहून पाहत होती. "भाऊ, बाई घरात नाई, अन् तुमी नवे पाटे आनले?"

"आनले नाई. आले."

"घरात एक हाय ना."

"मी दोन मागवले होते," मी म्हणालो. खरं तेच बोललो. ती पदर तोंडाला लावून जी बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. संध्याकाळी मी बाजारातून चाललो तर दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या.

बाबारावला बोलावून विचारलं, तू निरोप नेमका काय दिलास. तो म्हणाला, "घनश्याम नवता घरी, वहिनी होत्या. म्या म्हनलं, वामनले दोन पाटे पायजेत, चांगले मजबूत. थ्यायनं इचारलं, कायले? म्या म्हनलं, आता तुमी येत नाई म्हनल्यावर थो तरी काय करीन बिचारा?"

मला तरी यात काही चुकीचं दिसत नाही. घोटाळा झाला असणार तो घनश्यामकडून.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी स्वतःच नागपूरला गेलो. एसटीने, कारण गाडी तर अशी. येताना गर्दी होती, शेवटचं बाकडं मिळालं. दोन पाटे पायांत, शॉकप मांडीवर. रस्ता अत्यंत वाईट आहे. प्रत्येक खड्ड्याला माणूस हातभर उडतो आणि खाली येईपर्यंत बाकडं दुसरीकडे गेलेलं असतं. पुढे ड्रायव्हरजवळ बसलेले दोघे मजेत गप्पा मारत होते, हसत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी दोनदा ओरडून काहीतरी बोललो, पण तिथवर ऐकू गेलं नाही.

उतरल्यावर कंबर धरून घरी आलो. विजयमाला असती तर तेल गरम करून दिलं असतं. भुरीबाईला सांगायला लाज वाटली.

१९ फेब्रुवारी, रविवार

काम सुरू. मदतीला अमरसिंग. जवळच्या तांड्यावरचा आहे, जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, आणि ट्रकचे पाटे आपण डोळे मिटून बदलतो असं त्याचं म्हणणं. डोळे मिटण्याची वेळ आज आली नाही, कारण पहिला बोल्टच सुटला नाही. सकाळभर त्यावर घासलेट ओतलं, पाना लावला, पान्यावर पाईप घातला, पाईपावर मी आणि अमरसिंग दोघे लोंबकळलो. अमरसिंग त्यांच्या बोलीत "याडी, याडी" करून आपल्या आईला हाका मारायला लागला. बाबाराव खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, उलटीकडे फिरवत असाल. आम्ही उलटीकडेच फिरवत होतो.

गाडी मागून उचलून टेकवायला काहीतरी भक्कम हवं होतं. राळेगावचे दगडी पाटे कामी आले. खाली ते, वर लाकडी ठोकळे. आता गाडीची मागची चाकं निघाली आहेत आणि ती पाट्यांवर बसली आहे.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज घनश्याम आला. मी गाडीखाली होतो, त्याला आधी माझे पायच दिसले. मग मला हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर तो तुळशीच्या कट्ट्याला टेकून पोट धरून हसत होता.

"भाऊजी, हे पाटे होय?" गाडीच्या पाट्याला हात लावून तो म्हणाला. "थो शब्द आमी काय समजलो अन् तुमी काय मागवून राह्यले."

मग त्याने सांगितलं. विजयमालेला वाटलं, मी तिच्यावाचून वेगळी चूल मांडतो आहे. मी आणि बाबाराव, दोघांचं बिऱ्हाड. म्हणूनच दोन. "ताई धड जेवली नाई भाऊजी. म्हने, मी एक गोष्ट बोलली तं त्यायनं चटनी वाटाची तयारी केली."

मला फार वाईट वाटलं. मीठ कुठल्या डब्यात आहे हेसुद्धा मला माहीत नाही, आणि मी तिच्यावाचून घर चालवीन असं तिला वाटावं. घरात मूलबाळ नाही. आम्ही दोघंच. त्यातलं एक गेलं की उरतं ते घर नसतं, हे मी घनश्यामला सांगायला हवं होतं. मी त्याला शॉकप कसा बसतो ते सांगितलं.

निघताना तो म्हणाला, "ताईनं एक इचारायले सांगतलं हाय. थे त्या दिशी जे बोलली, थे तुमाले समजलं काय?"

मी गाडीकडे हात केला. "दिसत नाई काय?"

तो गाडीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. "एक गोष्ट सांगू भाऊजी?" म्हणाला. तेवढ्यात बाबाराव आला, आणि घनश्यामने एसटीची वेळ झाली म्हणून पिशवी उचलली.

२७ फेब्रुवारी, सोमवार

पाटे चढले, शॉकप चढले, चाकं चढली. गावातली निम्मी माणसं अंगणात. मी गाडी चालू केली आणि रस्त्यावर काढली. मागून कुणीतरी ओरडलं की गाडी तिरपी चालली आहे. मी उतरून पाहिलं. डावं चाक मागे सरकून मडगार्डला घासत होतं, उजवं आपल्या जागी. गाडी खेकड्यासारखी चालत होती.

पाट्याचं एक टोक आखूड असतं आणि एक लांब. आखूड पुढे यावं लागतं. आम्ही डावा पाटा उलटा बसवला. मी म्हणतो अमरसिंगने बसवला, अमरसिंग म्हणतो मी धरला होता, आणि बाबाराव म्हणतो त्याला तेव्हाच शंका आली होती. तेव्हाच का बोलला नाहीस, विचारलं. म्हणे, "तुमी दोघं मन लावून करून राह्यलते."

सगळं पुन्हा खोलायचं. आज बसून राहिलो. गाडीचा राग आला, मग गाडीवर राग कसला म्हणून स्वतःचा आला.

४ मार्च, शनिवार

या आठवड्यात होळी झाली. भुरीबाईने पोळ्या केल्या. मी दोन खाल्ल्या आणि ताट सरकवलं. घनश्यामकडून परत काही निरोप आला नाही.

आज अमरसिंग ट्रक घेऊनच आला, कारण त्याला पुढे यवतमाळला जायचं होतं. सोबत त्याची बायको रुपीबाई. ती ट्रकमध्ये पुढे, त्याच्या शेजारी बसून आली होती. हातभर बांगड्या, घागऱ्याला आरसे, आणि उतरेपर्यंत तिचं बोलणं थांबलं नव्हतं. आम्ही पाटा फिरवून बसवत होतो तोवर ती गाडीभोवती फिरली, काचांतून आत पाहिलं.

"तुमच्या बाई कुठं बसतात जी?"

"मागं."

"अन् तुमी?"

"मी पुढं. गाडी चालवतो ना."

"मंग बोलता कसं?"

"घरी बोलतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर आठवून पाहिलं की घरी आम्ही काय बोलतो. चहा झाला का. झाला. उद्या वेचणीला किती बाया येणार. बारा. एवढंच आठवलं. पण रुपीबाईच्या बोलण्यात एक मुद्दा आहे, तो मान्य करायला हवा. जुने पाटे इतके करकरत की मागून कुणी काही बोललं तरी पुढे ऐकूच येत नसे. नवे पाटे मुके आहेत. आता विजयमाला मागे बसून आरामात बोलू शकेल, आणि मला वाटलं तर मी ऐकू शकेन.

८ मार्च, बुधवार

गाडी सरळ चालते.

फक्त मागून उंच झाली आहे, उठायला निघालेल्या बैलासारखी. अमरसिंग म्हणाला, नवे पाटे असेच, वजन पडलं की बसतील. मागे सरकीची तीन पोती टाकून घोडखिंडीपर्यंत जाऊन आलो. तरी उंचच. मी बाबारावला म्हणालो, तू बस मागे. त्याचं वजन दोन पोत्यांच्या वर आहे.

"मी? मागं?" तो म्हणाला.

"काय झालं?"

"वामन, मागं बायका बसतात. मले पाहून लोक काय म्हनतीन?"

त्याचंही बरोबर होतं. चौथं पोतं टाकलं.

पाण्याने भरलेला तांब्या मागच्या सीटवर ठेवून मी खड्डे शोधून शोधून गाडी घातली. सीटवर थेंबही सांडला नाही. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. घरातल्या कापसाची मऊ गादी शिवायला टाकली आहे. रविवारी जातो. ती आली नाही तर काय करायचं, हे मी ठरवलेलं नाही.

१२ मार्च, रविवार

आणलं.

सकाळी गाडी धुतली, मागे नवी गादी घातली. बाबाराव शेजारी बसला. राळेगावला पोचलो तर विजयमाला तयार होती, पेटी दारात. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ गाडीच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिली. गाडी खाली गेली, वर आली आणि तिथेच थांबली.

"बरे बसले," ती म्हणाली.

"नाल्यातून आलो. मागं तांब्या भरून ठेवलता, थेंब सांडला नाई." मी मागचं दार उघडलं, गादीवर थाप मारली. "बस."

ती म्हणाली, "बाबारावजी, बसा."

बाबाराव पुढून म्हणाला, "मी बसूनच हाय ना वहिनी."

"तिथं नाई. इथं मागं. तुमच्या दोस्तानं एवढी गादी केली."

घनश्याम आभाळाकडे पाहायला लागला. आळीतल्या दारादारांत बायका उभ्या होत्या. सासुरवाडीच्या दारात बायको पुढे आणि दोस्त मागे, म्हणजे आम्ही बाभुळगावला पोचायच्या आधी ही बातमी पोचली असती. माझ्या हातात मागच्या दाराची मूठ तशीच होती. मी हसून म्हणालो, "मस्करी पुरे आता."

"मस्करी नाई करून राह्यली," ती म्हणाली. आवाज अगदी हलका. "नाई जमत तं नाई जमत. मी घरात जाते मंग." आणि तिने पेटी उचलली.

चौदा वर्षं तिचा आवाज ऐकतो आहे, पण तो तसा कधी ऐकला नव्हता. लिहिताना आता सगळं सरळ दिसतं आहे. मी मागं बसून येत नाई, असं ती म्हणाली होती. मराठीतच म्हणाली होती. मला मात्र त्यातलं 'मागं' तेवढं ऐकू आलं, आणि ते मी दुरुस्त करत बसलो.

मी मागचं दार तसंच धरून ठेवलं आणि म्हणालो, "बाबाराव, उतर."

"वामन, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. उतर."

तो उतरला, टोपी सारखी केली आणि दारातल्या बायकांना पाठ दाखवत मागे शिरला. विजयमाला माझ्या शेजारी बसली. दार तिने स्वतः लावलं, दोनदा, पहिल्यांदा नीट लागलं नाही म्हणून.

गाव मागे पडलं तशी ती बोलायला लागली. भाचीला सासर कसं मिळालं, घनश्यामच्या कापसाला यंदा कसा उतारा आला, आणि मी वळणावर फार उशिरा भोंगा वाजवतो. हे शेवटचं तिच्या मनात गाडी घेतल्यापासून, म्हणजे सहा वर्षं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. ती बोट दाखवायची आणि मी पाहायचो. या रस्त्याने मी इतक्या वेळा गेलो, पण इकडे एवढा पळस आहे हे मला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, आणि मी ते तिला सांगितलं. ती खिडकीबाहेर पाहायला लागली.

नाला पार करून वर आल्यावर मी विचारलं, "पाटे बदलले नसते तं तू आली नसती काय?"

"आली असती. इथं बसून."

"मंग मी महिनाभर गाडीखाली कायले पडलो होतो?"

तिने मागे वळून पाहिलं. बाबाराव गादीवर आडवा होऊन घोरत होता.

"एवढ्या भल्या मानसाले," ती म्हणाली, "जुन्या पाट्यायवर बसवलं असतं तं बरं दिसलं असतं काय?"